वीतभर अंतरावरून

दिराने खिशातून हात काढला, तर्जनी गाडीच्या मागच्या दाराच्या वरच्या कडेला टेकवली आणि हँडलपर्यंत सावकाश ओढत नेली. एवढंच झालं. पण त्या बोटाचा जो आवाज आला, खरखरीत पुठ्ठ्यावरून नख ओढल्यासारखा, तो ऐकून तिचे दात शिवशिवले. "वहिनी," तो म्हणाला, "हे तर मांजराच्या जिभेसारखं झालंय हो." आणि हसला. वाईट हसला नाही. तो कधीच वाईट हसत नसे, आणि त्यामुळेच त्याच्यावर उलटून बोलायला कधी जागा सापडत नसे. त्याने बोट डोळ्यांसमोर धरलं, त्यावरची निळी पूड फुंकली, आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. एखाद्या लहान मुलाने काढलेल्या चित्राकडे पाहावं तसं. "माझ्या ओळखीचा एक पेंटर आहे. सोमवारी सकाळी त्याला घेऊनच येतो. तो गाडी नेईल आणि चार दिवसांत काचेसारखी करून देईल. तुम्ही आता हात लावू नका." मग भावाकडे वळून, आवाज खाली आणून, पण तिला ऐकू जाईल इतपतच खाली आणून तो म्हणाला, "आणि दादा, गाडी परत आली ना, की किल्ली तुझ्याकडेच ठेव." नवरा शेडच्या दाराशी चहाचा कप घेऊन उभा होता. कपात काहीतरी पडलं असावं तसा तो आत बघत राहिला आणि म्हणाला, "हं. बघू."

दीर गेल्यावर ती पुन्हा दाराकडे वळली. मांजराच्या जिभेचं तिला काही वाटलं नाही. खरंच तसं झालं होतं, आणि खरबरीत असेल त्याला खरबरीत म्हणायची सवय तिला तीस वर्षांच्या नोकरीने लावली होती. तिला लागला तो 'हं'. त्या 'हं'ला ती आता आतून-बाहेरून ओळखत होती. आठ महिन्यांपूर्वी असाच एक 'हं' घरात आला होता आणि त्यानंतर पाय पसरून बसला होता. त्या दिवशी ती दोघं तिचे डोळे तपासायला गेली होती. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, आणि बाहेर आल्यावर सगळं जग तिला दूध सांडल्यासारखं पांढरं दिसायला लागलं. एरवी गाडी तीच चालवायची; तो शेजारी बसून पुढच्या सिग्नलचे रंग सांगायचा. त्या दिवशी किल्ली त्याने घेतली. तळघरातल्या पार्किंगमधून वर येताना वळणावर एक खांब होता. तिने तो पाहिला नाही, ऐकला. तिच्याच बाजूला, तिच्याच खांद्याच्या मागे, पत्रा लांबच लांब किंचाळला, आणि तो थांबायचं सोडून घाबरून पुढेच गेला, त्यामुळे मागच्या दारापासून पार चाकापर्यंत ओरखडा गेला. मग गाडी थांबली. तिने अंदाजाने हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला. हात गार पडला होता. "लागलं तर नाही ना कुणाला?" ती म्हणाली होती, "मग झालं तर. पत्राच आहे."

संध्याकाळी भावाचा फोन आला. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती, डोळ्यांसमोर अजून धुकं होतं, आणि धुक्यात कान फार तीक्ष्ण होतात. पलीकडचं ऐकू येत नव्हतं; पण नवऱ्याच्या बोलण्यातल्या भोकांवरून समजत होतं. "गाडी लागली जरा… खांबाला… नाही, तसं काही नाही." मग एक भोक. त्या भोकात काय विचारलं गेलं असेल हे तिला मटाराचा दाणा बोटाला लागावा इतकं स्पष्ट कळलं. वहिनी चालवत होत्या का? आणि नवरा म्हणाला, "हं." मग थोड्या वेळाने, "डोळे तपासायलाच गेलो होतो ना." हे वाक्य तर खरंच होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिने शेंगा बाजूला ठेवल्या आणि वाट पाहिली. तो आत येईल, म्हणेल, अगं, तोंडातून गेलं चुकून, उद्या सांगतो त्याला. तो आत आला आणि म्हणाला, "मटार गोड आहेत का?"

तिने एक दिवस वाट पाहिली, मग आठवडा. सुरुवातीला तिला त्याची कीवही आली. चौतीस वर्षं त्याने कचेरीत आवक-जावक सांभाळलं होतं. दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले होते, स्वतः कधी कुणाला चार ओळी लिहिल्या नव्हत्या. धाकटा भाऊ त्याच्या गाडी चालवण्यावरून जन्मभर त्याची टर उडवत आला होता. एक 'हं' म्हणून माणूस तेवढ्यापुरता सुटला तर सुटू दे, असं तिला वाटलं. पण तो 'हं' तिथे थांबला नाही. तो जावेकडे गेला, नणंदेकडे गेला, आणि ज्या घरात गेला त्या घरात थोडा जाड झाला. वहिनींना अलीकडे नीट दिसत नाही. वहिनी खांबाला धडकल्या. वहिनी थोडक्यात वाचल्या. आणि मग महिन्याभरापूर्वी लेक आली, चप्पल न काढता दारातच उभी राहून, नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे ठेवत म्हणाली, "आई, चिमणीला शाळेतून आणायला तू नको येत जाऊस. बसनेच येईल ती. तुला उगाच ताण." नात सहा वर्षांची. गेलं वर्षभर रोज दुपारी मागच्या सीटवर बसून तिने आजीला शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगितल्या होत्या. कुणाचा दात पडला, कुणी कुणाचा खोडरबर खाल्ला. तिने लेकीला सांगायला तोंड उघडलं होतं. मागे कोचावर नवरा वर्तमानपत्र वाचत होता. वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं होतं. ती म्हणाली, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन एक लहान कॉम्प्रेसर, एक स्प्रे गन आणि निळ्या रंगाचा डबा घेऊन आली.

गाडी स्वतः रंगवायची हे तिने का ठरवलं, हे तिला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. कवळ्या, टोप्या, पूल. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची हसणी तिच्या हातून गेली होती. पत्रा घासणं, पुट्टी भरणं, प्रायमर मारणं, यातलं काहीच तिला अवघड गेलं नाही. ओरखडा कुठे होता हे बोटांना सापडेनासं झालं. मग तिने शेवटचा निळा हात मारला, आणि तो वाळल्यावर दारावर तळवा फिरवला, तर हाताला सँडपेपर लागला. पहिल्या रविवारी तिला वाटलं, धूळ. तिने सगळा रंग घासून काढला, शेड धुतली, जमीन ओली केली, दोन्ही बाजूंना भिजवलेल्या चादरी टांगल्या, पुन्हा मारला. पुन्हा खरबरीत. दुसऱ्या रविवारी वाटलं, रंगात गुठळ्या असतील; तो जुन्या मोज्यातून गाळला, गनची चोच उघडून सुईने साफ केली. पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी हवेचा दाब वाढवून पाहिला, तर आणखी वाईट. उन्हात तिरपं पाहिलं की दार पिठी पडल्यासारखं दिसे. दर रविवारी रंगवणं आणि आठवडाभर घासणं. शेजारचे लोक येता-जाता थांबत. एकाने विचारलं, "साहेब नाही का करत?" ती म्हणाली, "साहेबांना धुराचा त्रास होतो." आणि घासत राहिली.

दीर गेल्यावर, त्या शनिवारी, ती रंगाच्या दुकानात गेली. दुकानदार जाडजूड, पन्नाशीचा, छातीत घरघर असलेला माणूस होता. एके काळी गाड्या रंगवायचा, छातीने दगा दिला म्हणून दुकानात बसला. त्याने आधी "पेंटरला पाठवून द्या" म्हटलं. ती म्हणाली, "पेंटर समोर उभा आहे." तेव्हा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या नखांकडे पाहिलं. नखांच्या कडेला तीन रविवारांचा निळा बसला होता. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "काय होतंय?" तिने सगळं सांगितलं, धूळ, गुठळ्या, दाब. तो ऐकत होता, मध्येच खोकत होता. मग त्याने कपाटावरून एक रिकामी गन काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "हे कपाट म्हणजे गाडी. मारून दाखवा." तिला हसू आलं, पण तिने गन धरली आणि कपाटावरून डावीकडून उजवीकडे नेली. तो उठला, तिच्या मागे आला, गनच्या चोचीपासून कपाटापर्यंत वितीने मोजलं. दोन विती भरल्या, वर चार बोटं. "बाई," तो म्हणाला, "इतक्या लांबून मारल्यावर रंग वाटेतच वाळतो. गाडीवर पोचते ती नुसती पूड. त्यातून तुम्ही दाब वाढवला, उन्हात लवकर उडणारं थिनर घातलं." त्याने आपली वीत पसरून गन आणि कपाटाच्या मध्ये धरली. "एवढं अंतर. याच्या मागे जायचं नाही. रंग पडला की पत्रा ओला दिसला पाहिजे." ती म्हणाली, "एवढ्या जवळून ओघळ येईल." "येईल की," तो म्हणाला. "आला तर आला. ओघळ वाळल्यावर घासता येतो. पूड मात्र किती घासा, खाली पूडच." त्याने सावकाश उडणाऱ्या थिनरचा डबा काढला आणि ती पिशवीत ठेवत असताना सहज विचारलं, "ओघळाला एवढं घाबरायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

घरी चालत येताना ती या प्रश्नावर अडकली, कारण उत्तर तिच्याकडे होतं आणि ते किती जुनं आहे हे बघून तिला राग आला. प्रयोगशाळेतला पहिला महिना. बावीस वर्षांची ती, आठ पुरुषांत एकटी. चिनी मातीच्या दातावर शेवटची चकाकी चढवायची असते. ब्रशाने पातळ लेप लावून दात भट्टीत ठेवायचा. तिने लेप जरा सढळ लावला. दात बाहेर आला तेव्हा हिरडीच्या कडेशी चकाकीचा एक बारीक थेंब लोंबत गोठला होता. मुख्य कारागिराने तो दात चिमट्यात धरून वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाला, "हे बघा. हिचा दात रडतोय." सगळे हसले. तीही हसली. आणि त्यानंतर तीस वर्षं तिने कशावरही सढळ हाताने काही लावलं नाही. लेप कोरडाच ठेवायचा, पातळ, हात राखून. थेंब दिसता कामा नये. हातच नव्हे, बोलणंही तिने राखूनच ठेवलं. त्या माणसाला जाऊन आता बारा वर्षं झाली होती. अंत्यदर्शनाला ती गेली होती, रांगेत उभी राहिली होती. आता भर रस्त्यात, हातात थिनरचा डबा, ती मोठ्याने म्हणाली, "रडतोय तर रडू दे, मेल्या." समोरून येणारा सायकलवाला दचकून बाजूला झाला.

रविवारी सकाळी तिने दार पुन्हा घासायला घेतलं. साबणाचं पाणी, बारीक कागद, तळव्याखाली रबराचा ठोकळा. निळं पाणी ओघळून तिच्या पावलांवरून नाल्याकडे जात होतं. तासाभराने नवरा आला. आज त्याच्या हातात कप नव्हता. तो म्हणाला, "मला आत ऐकू येतं, तू घासतेस ते." ती घासत राहिली. "वरच्या खोलीतसुद्धा येतं. खिडकी लावली तरी येतं." "मग कान झाकायचे," ती म्हणाली. तो शेडच्या दाराला टेकला. "उद्या नेऊ दे ना त्याला गाडी. चांगली करून मिळेल. तू किती दिवस…" त्याने वाक्य सोडून दिलं, वाक्यं अर्धी सोडायची त्याला सवय होती, उरलेली ती पुरी करायची. आज तिने केलं नाही. कागद पाण्यात बुडवला, झटकला, पुन्हा दाराला लावला. तो म्हणाला, "मी सांगणार आहे त्याला. कधीतरी."

तिचा हात थांबला. ती वळली. कोपरापर्यंत निळी, पदर खोचलेला, कपाळावर केस चिकटलेले; अशी ती त्याच्यासमोर कधी उभी राहिली नव्हती. "कधीतरी नको," ती म्हणाली. "उद्या तो आला की मी सांगणार आहे. त्याच्यासमोर, पेंटरसमोर, जो कोणी असेल त्याच्यासमोर. मी सांगितल्यावर तुम्ही काय म्हणायचं, ते आजच्या दिवसात ठरवा." त्याचा चेहरा तळघरात गाडी थांबल्यावर झाला असेल तसा झाला. त्या दिवशी तिला तो दिसला नव्हता. "अगं, एवढ्याशा गोष्टीचं…" "एवढीशीच होती. आठ महिन्यांपूर्वी एका वाक्याची होती. आता चिमणी बसने येते." तिला वाटलं होतं, हे बोलताना आपला आवाज फुटेल, डोळे भरतील. तसं काही झालं नाही. पाठ दुखत होती आणि भूक लागली होती. "सरका जरा," ती म्हणाली, "उजेड अडतोय."

ऊन कलल्यावर तिने गन हातात घेतली. दार पुसून कोरडं केलं होतं, काचेला, हँडलला, चाकाला कागद चिकटवले होते, जमिनीवर पाणी शिंपडलं होतं. तोंडाला मुखवटा बांधला. पत्र्याच्या एका तुकड्यावर आधी मारून पाहिलं. अंतर एक वीत. निळा रंग पडला आणि ओला चमकला. तिला आतून एकदम गुदगुल्या झाल्यासारखं झालं. मग ती दारापाशी गेली. इतक्या जवळ उभं राहिल्यावर हात आपोआप मागे जाऊ पाहत होता, जणू कोपराला कुणी धरून ओढत होतं. तिने तो मागे जाऊ दिला नाही. डावीकडून उजवीकडे, मनगट न वळवता, सगळा हातच सरळ नेत, आधीच्या पट्ट्यावर निम्मा नवा पट्टा. पहिला हात हलका. दहा मिनिटं थांबून दुसरा, भरलेला. निळा पत्र्यावर पडत होता, पसरत होता, आपापसात मिळत होता; ठिपके एकमेकांत विरून जाताना तिला दिसत होते आणि त्यांच्या जागी शेडचं छप्पर, छपरातून येणारा उजेडाचा तुकडा, मुखवट्यातलं तिचं स्वतःचं डोकं, हे सगळं दाराच्या आत खोलवर उमटत होतं. ती दाराच्या खालच्या कडेला आली आणि क्षणभर तिथे जास्त रेंगाळली. थेंब जमला. जड झाला. आणि अगदी सावकाश, काडीएवढी रेघ ओढत खाली आला.

तिने पाहिलं. बोट लावलं नाही, फडकं घेतलं नाही, गन थांबवली नाही. पुढच्या पट्ट्याला लागली.

सोमवारी नऊच्या सुमारास दीर आला, मागे पेंटर. पेंटर हडकुळा, अबोल माणूस. त्याने कुणाशी न बोलता दाराजवळ उकिडवं बसून, डोकं पत्र्याला टेकवून, उजेडाच्या दिशेने तिरपं पाहिलं. मग नखाच्या पाठीने हलकेच टकटक केलं. "कुणी मारलाय?" "मी," ती म्हणाली. "संत्र्याच्या सालीसारखं कणभर उठलंय," तो म्हणाला, "पॉलिशला जाईल. हा काढून मी परत मारायचा म्हणजे चांगलं काम बिघडवायचं." दिराने खाली वाकून पाहिलं आणि त्याला जे हवं होतं ते सापडलं. "आणि हे काय?" "ओघळ," पेंटर म्हणाला. "आठ दिवसांनी घासला की संपला." दीर उभा राहिला, गुडघे झटकले, आणि त्याच्या त्या मायेच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, कष्ट घेतलेत, नाही असं नाही. पण हाताला आता पूर्वीसारखं जमत नाही, हे मानण्यात कमीपणा काय आहे? गाडीचंही तेच. त्या दिवशी खांब दिसला नाही तुम्हाला…"

"त्या दिवशी मला काहीच दिसत नव्हतं, भाऊजी," ती म्हणाली. "डोळ्यांत थेंब घातले होते. म्हणून गाडी मी चालवत नव्हते."

पेंटर उठला आणि शेडच्या बाहेर जाऊन आपल्या स्कूटरचा आरसा नीट करू लागला. दिराने भावाकडे पाहिलं. "दादा?" नवऱ्याच्या गळ्यातून आधी तोच आवाज निघू पाहत होता, तो 'हं', तिने तो घशापर्यंत आलेला पाहिला. तो तिथेच अडकला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, भावाकडेही नाही, दाराकडे बघत, दारातल्या स्वतःकडे बघत तो म्हणाला, "मी चालवत होतो. खांबाला मी लावली. तू विचारलंस, तेव्हा मी हो म्हटलं." दिराच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. "बरं, मग… जाऊ दे ना," तो म्हणाला. "झालं ते झालं. घरातली गोष्ट आहे."

"घरातली कशी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेडच्या पत्र्यात घुमला. "तुमच्या घरी आहे. नणंदबाईंच्या घरी आहे. माझ्या लेकीच्या सासरी आहे. आठ महिने मी आंधळी म्हणून फिरले सगळ्यांच्या घरी, मला एकदासुद्धा कुणी विचारलं नाही. जिथे जिथे गेली ती गोष्ट, तिथे तिथे परत जायला हवी." तिने खिशातून काढावा तसा खोचलेल्या पदराच्या आतून आपला फोन काढला आणि नवऱ्यापुढे धरला. "तुमचा वर राहिला असेल. हा घ्या."

दीर थांबला नाही. जाताना त्याने "येतो" म्हटलं, 'वहिनी' म्हणायचं राहून गेलं. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. नवरा फोन हातात घेऊन शेडच्या मधोमध उभा होता. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि काचेवरचा कागद काढायला घेतला. चिकटपट्टीचं टोक नखाने उचलायचं आणि रंगापासून दूर, तिरपं, सावकाश ओढायचं. घाई केली की कड फाटते. मागे त्याने घसा साफ केला. "हॅलो, ताई… हो, बरी आहे ती. ऐक ना. ती गाडीची गोष्ट." तो थांबला, पुन्हा सुरू झाला. वाक्य अर्ध्यावर आलं की त्याचा आवाज खाली जाई, आणि सवयीने ते पुरं करायला तिची जीभ हले. मग जीभ दातांखाली धरून ती पट्टी ओढत राही. मग त्याचं त्यालाच ते पुरं करावं लागे. ताईनंतर जावेला. जावेला सांगताना तो एकदा अडखळला, पण या वेळी 'खांबाला लागली' न म्हणता 'खांबाला लावली' म्हणाला. दोन फोन झाल्यावर त्याने तिच्या पाठीकडे पाहिलं, तिला जाणवलं ते. पुरे का, असं तो विचारत होता. ती हँडलकडे वळली. हँडलभोवतीची पट्टी बारीक होती, तिला नीट नख लागत नव्हतं.

तिसरा फोन लेकीचा होता. या फोनवर तो बराच वेळ नुसतं ऐकत होता. मग म्हणाला, "नाही, डोळे ठणठणीत आहेत तिचे. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबरसुद्धा वाढवला नाही. मीच… हो. आठ महिने. हो, तुझ्यासमोर. वर्तमानपत्र वाचत होतो." पलीकडे लेक रडत होती की ओरडत होती, ते इथून कळत नव्हतं, आणि तिने कान दिला नाही. तो दोन पावलं पुढे आला, फोन तिच्या दिशेने धरला. "तुझ्याशी बोलायचं म्हणते."

तिचे दोन्ही हात पट्टीला गुंतले होते. तिने मान वळवली नाही.

"सांगा तिला," ती म्हणाली, "हातात काम आहे. झालं की मी करीन."